काळं फडकं

उस्तादच्या भिंतीला पोपडा सुटत नाही, ही गोष्ट त्या भागात इतकी पक्की मानली जायची, की कुणी घर विकायला काढलं तरी घेणाऱ्याला आधी हेच ऐकवायचे, रंग उस्तादचा आहे बरं का. उस्ताद म्हणजे रंगारी. हे नाव त्याला पहिल्यांदा कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते त्याला शोभायचं. उंच, सडसडीत, कानामागे पेन्सिल, आणि हात असा सरळ की भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली रेघ तो पट्टी न लावता एका दमात ओढायचा. तो घोडीवर, म्हणजे रंगाऱ्याच्या दुहेरी शिडीवर, चढला की घरातली माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहायची, आणि आपल्याकडे लोक बघताहेत हे त्याला पाठमोरं असूनही कळायचं. मग ब्रश जरा जास्तच ऐटीत फिरायचा.

त्याची बायको सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर याच धंद्यात होती. तिला सगळे उस्तादीण म्हणायचे. डॉक्टरची बायको डॉक्टरीण होते तशी ही झाली, नवऱ्याच्या नावाला शेपूट जोडून. ती काय करते असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं: नवऱ्याला मदत करते. या 'मदत' शब्दाने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण कुणाकुणाशी भांडत बसणार? आणि खरं सांगायचं तर लोकांचीही त्यात फारशी चूक नव्हती. तिचं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दोघांची वाटणी अशी होती. नवीन जागा हाती आली की आधी ती जायची, सकाळी सातला, एकटी. पत्र्याने जुना रंग खरवडायचा, भेगा उकरून भरायच्या, पुट्टी ओढायची, पॉलिश पेपरने घासायचं, आणि तोंडाला फडकं बांधूनही दिवसभर धूळ खायची. तेवढ्या दिवसांत उस्ताद आधीच्या जागेवर शेवटचा हात देत असायचा. तिथलं आटोपून तो नव्या जागी पोचायचा तेव्हा भिंती कोरड्या, गुळगुळीत, तयार असायच्या आणि ती पुढच्या जागेवर गेलेली असायची. रंगाखाली प्रायमरचा पांढरा हात देतात, तिथपासून पुढचं सगळं त्याचं. घरमालक मित्रमंडळींना घेऊन यायचे ते रंग बघायला. खरवडलेली भिंत बघायला कोण येतंय?

एका सोमवारी सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. बाई शिस्तीच्या. पुस्तक एक दिवस उशिरा आलं तर सख्ख्या भावालाही दंड लावणाऱ्या. त्यांच्या हातात एक पाकीट होतं, त्यावर तारीख घातलेली, आणि आत रंगाचे पोपडे. गेल्या वर्षी उस्तादने वाचनालयाची खालची खोली रंगवली होती. त्यातल्या एका भिंतीचा रंग गेले दोन महिने सुटत होता, आणि तो नेमका वर्तमानपत्रांच्या टेबलावर पडत होता. भिंगातून पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी तर पानावर पडलेला पोपडा कुठल्यातरी देशाचा नकाशा समजून बराच वेळ न्याहाळला होता. बाईंनी हे सगळं न हसता सांगितलं. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल रंगवायचा होता, ते काम उस्तादलाच द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पण आता समितीचे अध्यक्ष म्हणत होते की आधी खालची भिंत का सुटली ते कळू दे. शनिवारी ते स्वतः येऊन बघणार होते.

उस्तादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याची भिंत, आणि पोपडे? त्याने पाकीट उघडूनही पाहिलं नाही. ओल असणार, तो म्हणाला, दुसरं काही असूच शकत नाही. आणि तासाभरात घोडी, बादल्या आणि बायको घेऊन तो वाचनालयात हजर झाला.

खोलीच्या तीन भिंती आदल्या दिवशी रंगवल्यासारख्या होत्या. फिकट पिवळ्या, एकसारख्या, कुठे डाग नाही की चीर नाही. खिडकीसमोरची चौथी भिंत मात्र बघवत नव्हती. जागोजाग ताटाएवढे चट्टे उठले होते, त्यांच्या कडा आत वळल्या होत्या, आणि दाराचा वारा आला की त्या हलत होत्या. उस्तादीण उंबऱ्यावरच थांबली. भिंतीचं काय झालं ते कळायला तिला तिथून पुढे पाऊलही टाकावं लागलं नाही.

गेल्या वर्षी त्या तीन भिंती तिने तयार केल्या होत्या. चौथ्या भिंतीला पेपरांचं मोठं स्टँड खिळलेलं होतं, ते काढून मिळेपर्यंत ती भिंत मागे राहिली. आणि ते निघालं त्याच दिवशी लेकीच्या गावाहून फोन आला. बाळंतपण तारखेच्या तीन आठवडे आधीच आलं होतं. ती तशीच पिशवी भरून निघाली. ती भिंत उस्तादने एकट्याने केली.

तिने लगेच काही म्हटलं नाही. तिच्यासमोर तिच्या नवऱ्याने दोषी शोधायला सुरुवात केली होती, आणि तो प्रकार बघण्यासारखा होता.

आधी नळवाला आला. त्याने भिंत ठोकली, कान लावला, मागच्या बाजूला जाऊन आला आणि म्हणाला की मागे जिना आहे, आणि जिन्याला नळ बसवायची पद्धत अजून आलेली नाही. ओल नव्हती. मग उस्तादचा संशय रंगाच्या डब्यावर गेला. डबाच खराब निघाला असणार. पण चारही भिंती त्याच डब्यातून रंगल्या होत्या हे त्याचं त्यालाच आठवलं. मग ऊन. खिडकीतून ऊन येतं, उन्हाने रंग सुटतो. ऊन शेजारच्या भिंतीवर पडलेलं होतं आणि ती मजेत होती. शेवटी खापर फोडायला वाचकांची डोकी उरली. लोक तेल चोपडून येतात, खुर्चीत मागे रेलून डोकं टेकतात, मग रंग राहील कसा? ग्रंथपालबाईंनी मान वर करून छताजवळचा चट्टा पाहिला आणि म्हणाल्या की आमच्याकडचे सगळ्यात उंच वाचक पावणेसहा फूट आहेत.

तेवढ्यात उस्तादिणीने ते पाकीट उघडलं होतं. एक पोपडा घेऊन तिने तो उलटा केला. रंग सुटण्याचं खरं कारण पोपड्याच्या पाठीवर असतं. पाठ चकचकीत असली तर खाली तेलाचा जुना रंग न घासता ठेवलेला असतो; मिठासारखा फुलोरा असला तर ओल असते. या पोपड्याच्या पाठीवर पांढरी भुकटी होती. बोट फिरवलं तर बोट पिठात बुडवल्यासारखं झालं. जुना चुना. रंगाने भिंतीला धरलंच नव्हतं, त्याने चुन्याच्या धुळीला धरलं होतं.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी करायची काही गरज नव्हती. ग्रंथपालबाईंच्या टेबलावर फाटकी पानं चिकटवायची टेप होती. तिने ती मागून घेतली. आपल्या पहिल्या भिंतीवर तिचा एक तुकडा घट्ट दाबला आणि हिसडा देऊन ओढला. टेप कोरी आली. दुसऱ्या भिंतीवर, कोरी. तिसऱ्या भिंतीवर तिने खिडकीच्या खालचा कोपरा निवडला, जिथे कुठलाही रंग पहिल्यांदा दगा देतो. तिथेही कोरी. चौथ्या भिंतीवर टेप ओढली आणि तळहाताएवढा रंग तिच्याबरोबर बाहेर आला. तिच्या छातीत अभिमान असा भरून आला की तिला क्षणभर कुणाकडे बघायचंही सुचेना. तीन भिंती तिच्या होत्या आणि त्या तिच्यासारख्याच ठाम उभ्या होत्या. आणि हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ही एकच भिंत मी केली नव्हती, एवढंच. पण ते वाक्य ग्रंथपालबाईंसमोर बोललं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि उस्तादचं नाव गेलं असतं. त्या नावावर तिचंही घर चालत होतं. नाही बोलावं तर दोष ओलीला नाहीतर तेलकट डोक्यांना चिकटला असता, आणि तिचं सव्वीस वर्षांचं काम होतं तसंच कुणाला न दिसता पडून राहिलं असतं. याहून एक गोष्ट तिला जास्त टोचत होती. तिला वाटत होतं, नवऱ्याने तिच्या पाठीमागे कामचुकारपणा केला. घाईत वरच्यावर खरवडून रंग फासला. त्याच्याकडून तिने ही अपेक्षा केली नव्हती.

दुपारी दोघं मागच्या जिन्यावर डबा खायला बसली. तिथे कुणी नव्हतं. तिने सरळच विचारलं.

"मी नव्हते तेव्हा या भिंतीचं काय काय केलंत? अगदी खरं सांगा."

"खरं म्हणजे? मी काय दरोडा घातला का?" तो चिडला. पण त्याला सांगायचं होतंच. बोटांवर मोजत त्याने सगळं सांगितलं. दोन दिवस खरवडली, सुटं होतं तेवढं सगळं काढलं. भेगा उकरून भरल्या. पुट्टी ओढली. एक अख्खा दिवस पॉलिश पेपर मारला, खांदा भरून आला. मग कुंचल्याने धूळ झटकली आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर.

ती ऐकत राहिली. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो तिच्याकडे बघायचा, आणि आत्ता तो बोटांकडे बघत होता.

"आणि धुतली कधी?" तिने विचारलं.

"काय?"

"भिंत."

त्याने घास हातातच ठेवला. "भिंत धुतात?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो थट्टा करत नव्हता. जो माणूस हजारो भिंती रंगवून बसला होता, ज्याला लोक उस्ताद म्हणत होते, त्याला भिंत धुतात हे माहीत नव्हतं. कारण त्याने धुतलेली भिंत पाहिली होती, धुताना कधी पाहिली नव्हती. तो यायचा तेव्हा ती वाळलेली असायची. त्याला वाटायचं, भिंत असतेच तशी.

तिला आधी हसू आलं. मग राग आला. मग दोन्ही एकदम आलं आणि तिला ठसका लागला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

मग तिने त्याला सांगितलं. जुन्या भिंतीवर चुन्याचे थर असतात. सुटं तेवढं काढून भागत नाही, जे सुटं दिसत नाही तेही काढायचं, खालचा सिमेंटचा गिलावा दिसेपर्यंत. मग ओल्या स्पंजने वरपासून खालपर्यंत पुसायची. पुन्हा पुसायची. बादलीतलं पाणी गढूळ होईनासं होईपर्यंत पुसायची. मग एक दिवस वाळू द्यायची. आणि मग काळं फडकं घेऊन भिंतीवर दाबून फिरवायचं. फडकं पांढरं झालं तर भिंत कच्ची, पुन्हा धुवायची. काळंच राहिलं तर पुट्टीला हात घालायचा.

"ते काळं फडकं? तुझ्या कमरेला खोचलेलं असतं ते?" तो म्हणाला. "मला वाटायचं तू त्याला हात पुसतेस."

त्याने डबा अर्धवट टाकून झाकण लावलं, उठला आणि जिना उतरून निघून गेला. संध्याकाळी घरी आला तो कुणाशी न बोलता. तिला वाटलं, घोडं अडलं. त्याचा अभिमान दुखावला की तो असाच दोन-दोन दिवस मूग गिळून बसायचा, आणि आता कामाला तर पाचच दिवस उरले होते.

मंगळवारी सकाळी ती सातला वाचनालयात पोचली. दार उघडं होतं. उस्ताद आत होता. त्याने पेपरांचं टेबल बाजूला ओढलं होतं, जमिनीवर ताडपत्री अंथरली होती आणि डोक्याला तिचंच जुनं फडकं बांधलं होतं, तेही उलटं. हातात पत्रा घेऊन तो भिंतीसमोर उभा होता.

"कुठून सुरू करायचं?" त्याने विचारलं.

"वरून," ती म्हणाली.

आणि ती खुर्ची घेऊन बसली. तो घोडीवर चढला, पण या वेळी ऐट नव्हती. ती खालून सांगत होती: पत्रा आडवा धरा, उभा धरला तर गिलाव्याला खोक पडेल, जोर मनगटाने नाही, खांद्याने, तिथे राहिलंय, तिथेही राहिलंय, जिथे तुम्हाला वाटतंय की राहिलेलं नाही तिथे जास्त राहिलंय. खोटं कशाला बोला, तिला मजा आली. दुपारपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या आणि तो शिंकायला लागला. ग्रंथपालबाई येऊन बघून गेल्या आणि एक शब्दही न बोलता त्यांनी एक मोठा रुमाल आणून दिला. दुपारनंतर मात्र उस्तादिणीला बसवेना. तिनेही पत्रा उचलला आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. एका जागी, एका वेळी, एका भिंतीवर दोघं काम करताहेत असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

त्याला अधूनमधून थांबून तिचा हात बघायची सवय लागली. ती पत्रा फिरवायची तेव्हा आवाजावरूनच तिला कळायचं की खाली चुना आहे की गिलावा. तो म्हणाला, आवाजात काय फरक आहे? तिने दोन्ही जागी खरवडून ऐकवलं. त्याला तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. मग दिवसभर तो स्वतःशीच 'हा चुना, हा गिलावा' असं पुटपुटत राहिला.

बुधवारी दुपारी भिंत उघडी झाली आणि त्यांनी ती धुतली. बादलीतलं पाणी दुधासारखं झालं. दहा बादल्यांनंतर ते जरा निवळलं. संध्याकाळी दुसऱ्यांदा पुसून त्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. गुरुवारी संध्याकाळी भिंत कोरडी वाटली तेव्हा तिने कमरेचं काळं फडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने ते तळहाताखाली धरून भिंतीवरून फिरवलं. वरच्या बाजूला फडकं काळं राहिलं. मध्यावर आलं तसं पांढरं व्हायला लागलं. खाली पोचलं तेव्हा त्यावर स्पष्ट पांढरा पट्टा होता. दोघंही त्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्या स्वभावात नव्हती ती अजिजी त्यांच्या आवाजात होती. परवा अध्यक्ष येणार, त्यांना भिंतीवर निदान काहीतरी रंग दिसायला हवा, नाहीतर वरचं काम दुसरीकडे जाईल. दुसऱ्या कंत्राटदाराची चिठ्ठी येऊन पडली आहे. आता प्रायमर मारून घ्या, उद्या एक हात द्या, नंतर हवं तर पुन्हा काढा. उस्तादला हे सहज जमलं असतं. त्याच्या हाताने एका दिवसात ती भिंत आरशासारखी केली असती आणि शनिवार निभावला असता. ती त्याच्याकडे बघत होती. तिने ठरवलं होतं की यावर आपण बोलायचं नाही.

उस्तादने फडकं उलटसुलट करून पाहिलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "परत धुवावी लागेल."

शुक्रवारी भिंत तिसऱ्यांदा धुतली गेली.

शनिवारी अकरा वाजता अध्यक्ष आले. पेशाने दातांचे डॉक्टर, गोल, हसतमुख, पण बघणं बारीक. बरोबर समितीचे दोघं जण. पेपर वाचायला आलेले चार-पाच म्हातारे त्यांच्यामागून आत शिरले, कारण या भिंतीत आता त्यांनाही रस होता. सगळे समोर उभे राहिले. रंग नव्हता. पुट्टीसुद्धा नव्हती. नुसता करडा गिलावा, त्यावर भेगा, आणि घोडीवर उस्ताद, काळं फडकं फिरवत.

"हे काय," अध्यक्ष म्हणाले, "पाच दिवसांत नुसती भिंत उघडी केलीत?" पण माणूस भला होता आणि त्याला उस्तादला अडचणीत टाकायचं नव्हतं. ते पुढे झाले, गिलाव्यावर हात ठेवला आणि म्हणाले की इमारत जुनी आहे, ओल येणारच, त्यात तुमचा काय दोष. समितीच्या वहीत आपण तसं लिहून टाकू.

दार उघडं होतं. ती सबब पत्करली की सगळं सुरळीत झालं असतं. वरचा हॉल मिळाला असता, नाव शाबूत राहिलं असतं, आणि घरी जाऊन कुणी कुणाला काही बोललं नसतं. उस्तादिणीला कळेना की आपल्याला नक्की काय हवं आहे. ती स्वतःच मान डोलवायच्या बेतात होती.

उस्ताद घोडीवरून उतरला. गिऱ्हाइकाशी तो कायम घोडीवरूनच बोलायचा, हे तिच्या लक्षात होतं. खाली येऊन त्याने फडकं अध्यक्षांना दाखवलं. ते काळंच होतं.

"ओल नाही डॉक्टर," तो म्हणाला. "ओलीचं नाव उगाच घेऊ नका. ही भिंत गेल्या वर्षी मी तयार केली होती, आणि मला भिंत तयार करता येत नाही. सोमवारपर्यंत मला हेही माहीत नव्हतं की येत नाही." तो जरा थांबला. मग त्याने बाकीच्या तीन भिंतींकडे हात केला. "त्या तीन हिने केल्यात. टेप चिकटवून ओढा नाहीतर नख लावून बघा. आजवर माझ्या म्हणून ज्या भिंती टिकल्या, त्या सगळ्या हिने टिकवल्या. मी वरून रंग देतो. चांगला देतो, त्यात मी कुणाचं ऐकणार नाही. पण तो धरून ठेवणारी ही आहे."

उस्तादिणीला वाटलं होतं, हे ऐकायला मिळालं तर आपण रडू. तिला रडू आलं नाही. तिची मान आपोआप ताठ झाली आणि ती तशीच ताठ राहिली, तिने ती खाली घातली नाही.

अध्यक्षांनी खरोखरच एका भिंतीला नख लावून पाहिलं. मग दुसऱ्या. भिंगवाल्या आजोबांनी तर भिंग काढून तिसरी भिंत वाचायलाच घेतली. अध्यक्ष परत फिरले आणि उस्तादला म्हणाले, "म्हणजे तुम्ही कीड न काढता दात भरलात."

"अगदी तसंच," उस्ताद म्हणाला.

"माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट तसेच दात भरून आलेले असतात." ते हसले. ग्रंथपालबाईंनी वही उघडली होती. 'कारण' या रकान्यात त्यांनी 'भिंत न धुता रंगवली' असं लिहिलं आणि रेघ मारली. मग अध्यक्षांनी वरच्या हॉलचा विषय काढला. किती दिवस लागतील, असं त्यांनी सवयीने उस्तादला विचारलं. उस्ताद बायकोकडे बघत राहिला, आणि मग हळूहळू सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

"वर जाऊन बघितल्याशिवाय नाही सांगणार," ती म्हणाली.

मग ती सगळी वरात जिना चढून वर गेली. हॉल मोठा होता, खिडक्या दोन्ही बाजूंना. उस्तादिणीने नवऱ्याच्या हातातून फडकं घेतलं आणि एका टोकापासून सुरुवात केली. तिने कुठली घाई केली नाही. ती फडकं दाबायची, फिरवायची, बघायची, पुढे सरकायची. पत्र्याची कड एका जागी हलकेच ओढून तिने कान दिला. दाराजवळ तिने तळहात टेकला आणि डोळे मिटले. तिच्यामागे अध्यक्ष, समिती, ग्रंथपालबाई आणि पेपर सोडून आलेले म्हातारे असे सगळे चाललेले, ती थांबली की थांबणारे. उस्ताद सगळ्यात मागे होता आणि त्यालाच सगळ्यात जास्त रस दिसत होता. चौथा कोपरा झाल्यावर ती वळली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "त्यातले अकरा दिवस तुम्हाला काहीच दिसणार नाही. तेव्हा येऊन विचारायचं नाही."

अध्यक्ष म्हणाले, कबूल. ग्रंथपालबाईंनी तेही लिहून घेतलं.

उस्ताद पुढे आला आणि तिच्या कानाशी वाकला. "अगं, एवढ्या हॉलला बारा दिवस रग्गड होतात."

"बाराच लागतील," ती म्हणाली. "तीन तुम्हाला शिकवायचे धरलेत."